कोकणातल्या मोटारीची ओल: पाणी येते कुठून आणि घालवावे कसे

पावसाळा सुरू झाला की रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या मोटारमालकांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. समोरची काच धूसर होते, दार उघडताच कुबट वास येतो, सीटबेल्टवर पांढरी बुरशी धरते आणि पायाखालचे कार्पेट हाताला कोरडे लागले तरी अंगठ्याने दाबल्यावर पाणी सोडते. या तक्रारींवर जे उपाय सर्रास सांगितले जातात, त्यांतले बरेचसे थंड आणि कोरड्या हवेच्या प्रदेशांतून आलेले आहेत. ‘काचा थोड्या खाली करा आणि बाहेरची कोरडी हवा आत घ्या’ हा सल्ला बाहेरची हवा खरोखरच कोरडी असते तेथे उत्तम आहे. परंतु जुलै महिन्यात देवगडला किंवा गुहागरला बाहेर कोरडी हवा नसतेच, त्यामुळे तो निरुपयोगी ठरतो आणि कधी कधी उलटाही पडतो. किनारपट्टीवरच्या गाडीची ओल घालवायची असेल तर आधी हवेतल्या बाष्पाचा थोडा हिशेब समजून घ्यावा लागतो.

हवा जितकी उष्ण, तितके जास्त बाष्प तिच्यात राहू शकते. ३० अंश सेल्सिअस तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम पाणी बाष्परूपाने राहते, २० अंशांना ही मर्यादा सुमारे १७ ग्रॅमांवर येते आणि १० अंशांना ती ९ ग्रॅमांच्या थोडी वर असते. या मर्यादेच्या किती टक्के बाष्प हवेत प्रत्यक्ष आहे, ते सापेक्ष आर्द्रता सांगते. आणि हवा थंड होत गेल्यावर ज्या तापमानाला ते बाष्प मावेनासे होऊन पाण्याचे थेंब धरू लागतात, त्याला दवबिंदू म्हणतात. पावसाळ्यात २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता हे किनाऱ्यावरचे अगदी नेहमीचे हवामान आहे. अशा हवेचा दवबिंदू सुमारे २६ अंश असतो, म्हणजे २६ अंशांहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर ही हवा पाणी सोडते. एसी लावलेल्या गाडीतून उतरल्याबरोबर चष्म्याच्या काचा पांढऱ्या होतात त्या याच कारणाने.

आता गाडीचा हिशेब मांडू. लहान मोटारीच्या आतल्या भागात ढोबळमानाने तीन घनमीटर हवा असते, आणि वर सांगितलेल्या हवामानात तिच्यात सुमारे ७५ ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धी वाटी पाणी बाष्परूपाने असते. काचा उघडल्या तर ही अर्धी वाटी बाहेर जाते आणि तितकीच दुसरी आत येते. फरक काहीच पडत नाही. शांत बसलेला माणूस श्वासातून आणि घामातून तासाला ५० ग्रॅमांच्या आसपास पाणी हवेत सोडतो, म्हणजे चार जण बसले की तासाभरात २०० ग्रॅमांची भर पडते. त्यात निथळत्या छत्र्या, ओले रेनकोट आणि चिखलाने भरलेल्या चपला मिळवाव्यात. पण हे सगळे आकडे एका गोष्टीपुढे किरकोळ आहेत: कार्पेटखालचा जाड नमदा एकदा भिजला की तो दोन-तीन लिटर पाणी सहज धरून ठेवतो आणि ते आठवडेच्या आठवडे थोडे थोडे हवेत सोडत राहतो. काच रोज सकाळी आतून ओली दिसत असेल, तर संशय हवेवर घेण्याआधी पायाखाली घ्यावा.

काचेची कोणती बाजू?

काच धूसर झाली की बहुतेक जण हाताला येईल ते बटण दाबतात, एसी पूर्ण थंड करतात आणि हवेचा सगळा झोत काचेवर सोडतात. तसे करण्यापूर्वी वायपर एकदा फिरवावा. वायपरने काच स्वच्छ झाली तर बाफ बाहेरच्या बाजूला आहे. काहीच फरक पडला नाही तर ती आतल्या बाजूला आहे. या दोन प्रकारांची कारणे एकमेकांच्या अगदी विरुद्ध आहेत, पण उपाय ठरवताना हा भेद क्वचितच केला जातो.

बाफ बाहेरून असेल तर काच आतून फार थंड झालेली असते. एसीने तिचे तापमान २२-२३ अंशांवर आणलेले असते आणि बाहेरच्या हवेचा दवबिंदू २६ असतो, त्यामुळे बाहेरची हवा काचेला स्पर्श करताच तिच्यावर पाणी सोडते. अशा वेळी थंड हवेचा झोत काचेवर वाढवला तर धुके आणखी दाट होते. झोत काचेवरून काढून पायाकडे किंवा अंगाकडे वळवावा, एसीचे तापमान दोन-तीन अंशांनी वाढवावे आणि तोवर वायपर चालू ठेवावा. बाजूच्या काचांच्या खालच्या कोपऱ्यांत, नेमक्या आरसा दिसण्याच्या जागी, जी बाफ धरते ती बहुतेक वेळा डॅशबोर्डच्या टोकाच्या झडपांमधून येणाऱ्या थंड हवेमुळे धरते. त्या झडपांची तोंडे आत वळवली की आरसे दिसू लागतात.

बाफ आतून असेल तर गाडीतली हवा दमट आहे आणि काच पावसामुळे थंड झालेली आहे. यावर दोन गोष्टी एकाच वेळी कराव्या लागतात: हवा कोरडी करायची आणि काच थोडी ऊबदार करायची. हवा कोरडी करण्याचे साधन म्हणजे एसी. त्याच्या कूलिंग कॉइलचे तापमान शून्याच्या वर काही अंशच असते, त्यामुळे तिच्यावरून जाणारी हवा आपल्यातले पाणी तेथेच सोडते. प्रत्येक घनमीटरमागे २४ ग्रॅम बाष्प घेऊन आत शिरलेली हवा बाहेर पडते तेव्हा तिच्यात साधारण आठ-नऊ ग्रॅमच उरलेले असते. हीच हवा हीटरमधून थोडी तापवून काचेवर सोडली तर ती कोरडीही असते आणि काचेला उबही देते. म्हणून एसीचे बटण चालू आणि तापमानाचा खटका थंडकडून उष्णकडे सरकवलेला, ही जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे. ‘हीटर लावायचा तर एसी बंद करायला हवा’ असे अनेकांना वाटते, पण हीटर हवेतले पाणी काढून टाकत नाही, ते काम एसीच करतो. काच ऊबदार ठेवणे आतल्या बाफेलाही चालते आणि बाहेरच्या बाफेलाही, तर काच गार करणे दोन्हींपैकी एकीवरही टिकाऊ उपाय नाही; आतली बाफ कोरड्या गार हवेने पाच मिनिटांत जाते खरी, पण तितक्यात बाहेरून नवी धरू लागते.

हवा आतल्या आत फिरवावी की बाहेरून घ्यावी, या प्रश्नाचे उत्तरही किनाऱ्यावर थोडे वेगळे आहे. एसी बंद असताना हवा आतच फिरत ठेवली तर श्वासातले बाष्प साठत जाते आणि काच हमखास धूसर होते. तेव्हा बाहेरची हवाच घ्यावी. एसी चालू असेल आणि बाहेर धो धो पाऊस पडत असेल, तर आतलीच हवा फिरवल्याने ती लवकर कोरडी होते, कारण कॉइलला दर वेळी नवी दमट हवा वाळवावी लागत नाही. मात्र लांबच्या प्रवासात बाहेरच्या हवेची वाट कायम बंद ठेवू नये. बंद गाडीत कार्बन डायऑक्साइड वाढून चालकाला जडपणा आणि झोप येते, म्हणून अधूनमधून बाहेरची हवा घेत राहावे. काही गाड्यांत काचेकडे झोत वळवणारे बटण दाबले की यंत्रणा आपोआप बाहेरच्या हवेवर जाते आणि एसीही चालू करते. ती रचना ठीक आहे, तिच्याशी झगडण्याचे कारण नाही.

एक गोष्ट मात्र अचानक घडते आणि म्हणून धोक्याची आहे. बराच वेळ चाललेला एसी बंद करून ब्लोअर, म्हणजे हवा फेकणारा पंखा, चालूच ठेवला की थंड कॉइलवर साचलेले पाणी पुन्हा हवेत मिसळते आणि समोरची काच काही क्षणांत आंधळी होते. वळणावर किंवा समोरून गाडी येत असताना, ‘आता पाऊस थांबला, पेट्रोल वाचवू’ म्हणून एसीचे बटण बंद करू नये.

घाट चढताना आणि उतरताना

कोकणातून देशावर जाणाऱ्या वाटांवर या सगळ्या नियमांची एकत्र परीक्षा होते. हवेचे तापमान दर हजार मीटर उंचीमागे साधारण साडेसहा अंशांनी उतरते. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंच आहे, म्हणजे सावंतवाडीहून निघालेली गाडी अर्ध्या-पाऊण तासात चार-पाच अंशांनी थंड हवेत पोहोचते. गाडीच्या आत मात्र खालची, समुद्राकाठची दमट हवा आणि तिच्यासोबतची ओली माणसे असतात. काचेवर थंड पाऊस कोसळत असतो, काच भराभर गार होते आणि आतून बाफ धरते. कुंभार्ली, आंबा, करूळ, फोंडा या घाटांतही हेच घडते. चढताना म्हणूनच एसी चालू, हवा कोमट आणि झोत काचेवर असावा.

उतरताना चित्र पालटते. वरच्या थंडाव्यात गार झालेली काच खालच्या उबदार दमट हवेत शिरते आणि आता बाफ बाहेरून धरते. चढताना बरोबर ठरलेली मांडणी उतरताना तशीच राहिली आणि त्यात कोणी हवा थंड करून ठेवली असेल, तर वायपर चालू नसलेल्या गाडीची काच पायथ्याजवळच्या वळणांवर झाकोळते. घाटात पाऊस नसतानाही वायपर एखाद-दोनदा फिरवून पाहण्याची सवय म्हणूनच उपयोगाची आहे. मागच्या काचेवर डिफॉगरच्या बारीक रेषा असतात, त्या विजेने तापतात. काम झाले की तो बंद करावा, आणि ती काच आतून पुसताना फडके रेषांच्या दिशेने आडवे फिरवावे, कारण एखादी रेष खरवडली गेली की तेवढा पट्टा कायमचा निकामी होतो.

काचेची स्वच्छता हा दिसायला क्षुल्लक पण परिणामकारक भाग आहे. नवीन डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून उडणारे पदार्थ, सिगारेटचा धूर आणि हातांचे तेल यांचा पातळ थर आतल्या बाजूला बसतो. त्या थरावर बाफ लवकर धरते आणि रात्री समोरच्या दिव्यांचा प्रकाश त्यावर पसरून डोळे दिपतात. साबणाच्या पाण्याने काच धुऊन, कोरड्या सुती फडक्याने चकचकीत होईपर्यंत पुसल्यास निम्मी तक्रार कमी होते. भांड्याच्या साबणाचा अगदी पातळ हात मारला तर थेंब न धरता पाण्याचा सलग पापुद्रा बनतो आणि आरपार दिसते, हे खरे आहे. पण तो नीट पुसला नाही तर रात्री चट्टे दिसतात. चालता चालता तळहाताने काच पुसणे मात्र टाळावे, हातच्या तेलाने पुढची बाफ त्याच जागी आधी धरते.

पाणी आत शिरते कुठून?

कोकणात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडतो. इतक्या पावसाला गाडीतले अगदी लहान छिद्रही पुरते. शोध घेताना दोन प्रश्न विचारावेत: कोणत्या बाजूचे कार्पेट ओले आहे, आणि ते पाऊस पडल्यावर ओले होते की पाऊस नसतानाही?

आपल्याकडच्या उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या गाड्यांत ब्लोअर आणि कूलिंग कॉइल साधारणपणे डाव्या बाजूला, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे किंवा मधोमध असतात. त्यामुळे पुढच्या डाव्या प्रवाशाच्या पायाखाली पाणी सापडले तर दोन संशयित ठरतात. पहिला म्हणजे एसीच्या पाण्याची निचऱ्याची नळी. कॉइलवर जमणारे पाणी एका लहान रबरी नळीतून गाडीखाली गळते. ती नळी धुळीने, शेवाळाने किंवा कुंभारमाशीच्या मातीने बुजली की पाणी मागे फिरून आत सांडते. ओळख सोपी आहे: पाऊस नसतानाही, एसी लावून लांब गेल्यावर कार्पेट भिजते, आणि छपराखाली उभ्या केलेल्या चालू गाडीखाली पाण्याचे थारोळे दिसत नाही. दमट हवेत एसी अर्धा तास चालूनही खाली थेंब पडत नसेल, तर नळी बुजली आहे असे धरावे. मेकॅनिक ती हलक्या हवेने किंवा लवचिक तारेने काही मिनिटांत मोकळी करतो.

दुसरा संशयित समोरच्या काचेखालची जाळी. बॉनेट आणि काच यांच्या मधल्या खोलगट भागात पावसाचे पाणी उतरते आणि दोन्ही बाजूंच्या भोकांतून चाकांच्या मागे निघून जाते. बाहेरची हवाही तेथूनच ब्लोअरकडे जाते. आंब्याखाली, फणसाखाली किंवा सुरूच्या बनाजवळ उभ्या केलेल्या गाडीत तेथे पाने आणि काड्या साचतात, भोके बुजतात, पाण्याची पातळी चढते आणि ते हवेच्या वाटेने सरळ आत येते. अशी गाडी फक्त मोठ्या पावसानंतरच भिजते. मे महिन्याच्या अखेरीस बॉनेट उघडून ही जागा हाताने साफ करणे हे, माझ्या मते, पावसाळ्यापूर्वीच्या सर्व्हिसिंगमधले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे. याच दुरुस्तीत गाडीच्या आत येणाऱ्या हवेचा (केबिन) फिल्टरही पाहून घ्यावा. ओला, काळवंडलेला फिल्टर हवेचा जोर कमी करतो आणि कुबट वासाचा मुख्य स्रोत असतो.

दरवाजांचे गणित वेगळे आहे. खिडकीच्या काचेला लागून पाणी दरवाजाच्या पोकळीत उतरते, हे मुळातच गृहीत धरलेले असते. ते खालच्या भोकांतून बाहेर जाते आणि आतल्या बाजूला चिकटवलेला प्लास्टिकचा पडदा त्याला गाडीत येऊ देत नाही. नवे स्पीकर किंवा सेंट्रल लॉक बसवताना हा पडदा फाटला किंवा नीट परत चिकटवला नाही, तर पाणी डोअर पॅडच्या मागून उंबरठ्यावर आणि तेथून कार्पेटखाली जाते. खालची भोके मातीने बुजली असतील तर दार उघडताना आत पाणी हेलकावल्याचा आवाज येतो. एखाद्या काडीने ती मोकळी केली की पुष्कळ वेळा तेवढ्यावर भागते.

सनरूफबद्दलही एक गैरसमज आहे. तिच्या कडेची रबरी पट्टी पाणी पूर्णपणे अडवत नाही. झिरपलेले पाणी चौकटीभोवतीच्या पन्हळीत जमा होऊन कोपऱ्यांतल्या नळ्यांतून खाली जावे अशीच तिची रचना असते. नळी बुजली की छताच्या अस्तरावर डाग पडतो किंवा समोरच्या खांबाकडून पाणी ओघळते. सनरूफ उघडून प्रत्येक कोपऱ्यात पेलाभर पाणी सावकाश ओतावे आणि ते गाडीखाली गळते का ते पाहावे. येथे जोराच्या हवेचा मारा करू नये, कारण आतल्या सांध्यातून नळी निसटली तर साधे काम मोठ्या खर्चाचे होते.

डिकीत, विशेषतः स्टेपनीच्या खड्ड्यात, पाणी साचत असेल तर मागच्या दिव्यांची रबरे, डिकीची बीडिंग आणि पूर्वी झालेले डेंटिंगचे काम तपासावे. समोरची काच बदललेली असेल तर तिच्या कडेचे सीलंटही संशयास पात्र असते. छतावरचा अँटेना ही आणखी एक छुपी जागा आहे. आणि काचेवर आतून तेलकट, चिकट थर येत असेल, गोडसर वास येत असेल आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, म्हणजे कूलंटची, पातळी कमी होत असेल, तर ते पावसाचे पाणी नाही. हीटरचा लहान रेडिएटर गळतो आहे, आणि ती गाडी थेट गॅरेजला न्यावी.

गळती सापडत नसेल तर दोघांनी मिळून शोधावी. एकाने विजेरी घेऊन आत बसावे, दुसऱ्याने नळीने साध्या दाबाचे पाणी सोडावे, आणि सुरुवात दाराच्या खालच्या कडेपासून करून हळूहळू वर जावे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळते आणि नेमके कोठून शिरले ते कळत नाही. संशयाच्या जागी आतून कोरडा कागद चिकटवून ठेवला की पहिला थेंबही दिसतो. गळती बंद होण्यापूर्वी कार्पेट वाळवण्यावर पैसे घालवणे व्यर्थ आहे.

कार्पेटखालचे पाणी

गाडी घेतानाच विक्रेते मूळ कार्पेटवर व्हायनलचे जाड आवरण किंवा कडा उचललेल्या जाड मॅट घालून देतात. चिखलापासून त्या जरूर वाचवतात, पण एकदा पाणी त्यांच्याखाली गेले की वाफ वर येऊच शकत नाही. हे आवरण काढल्याशिवाय खालची ओल ना दिसते ना वाळते.

वाळवण्याचा क्रम असा ठेवावा. मॅट आणि आवरण काढून उंबरठ्याची पट्टी उचकटावी, कार्पेट उचलून खालचा नमदा दाबून पाहावा आणि ओले ओढणाऱ्या व्हॅक्यूमने जितके पाणी निघेल तितके काढावे. हवेने लिटरभर पाणी उडवण्यापेक्षा ते ओढून घेणे कितीतरी सोपे आहे. मग कार्पेट आणि पत्रा यांच्यामध्ये लाकडाचे ठोकळे सारून हवा खेळायला वाट करावी आणि टेबलफॅन लावावा. सीट काढायची वेळ आली तर ते काम मेकॅनिकवर सोपवावे, कारण सीटखाली एअरबॅगच्या वायरी असतात आणि बॅटरी सोडवल्याशिवाय त्यांचे जोड उघडू नयेत. वायरींच्या जोडांवर हिरवट थर दिसला तर तो तांब्याचा गंज आहे. विजेचे विचित्र बिघाड पुढे त्यातूनच निघतात.

उरलेले काम एसी आणि उष्णता मिळून करतात. पावसात उसंत मिळून ऊन पडले की काचा बंद करून गाडी तासभर उन्हात तापू द्यावी. आत ४५ अंश झाले की तीन घनमीटर हवेत जवळजवळ २०० ग्रॅम बाष्प मावते आणि ते नमद्यातून ओढले जाते. मग चारही दारे आणि डिकी एकदम उघडून ती हवा घालवावी आणि पुन्हा बंद करावी. दारे दिवसभर सताड उघडी ठेवण्यापेक्षा हा प्रकार जास्त पाणी नेतो. ऊन नसेल तर इंजिन चालू करून एसी आणि उष्ण हवा एकत्र, हवा आतच फिरती ठेवून, अर्धा तास चालवावी. गाडीखाली भांडे ठेवले तर किती पाणी निघाले ते मोजूनही पाहता येते. हे काम बंद गॅरेजमध्ये कधीही करू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता जीव घेतो.

समुद्राच्या पाण्याने भिजलेल्या गाडीची गोष्ट निराळी आहे. गणपतीपुळे, आरे-वारे किंवा तारकर्लीच्या किनाऱ्यावरून ओल्या कपड्यांनी येऊन सीटवर बसले की पाण्याबरोबर मीठही कापडात उतरते, आणि मीठ उडून जात नाही. साधे मीठ ७५ टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत हवेतले पाणी ओढून स्वतः विरघळू लागते. समुद्राच्या मिठात असलेले मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांपासूनच ओढू लागते. किनाऱ्यावरची हवा इतकी कोरडी क्वचितच होते, त्यामुळे खारे कार्पेट कितीही वाळवले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा दमट लागते आणि त्याखालचा पत्रा गंजत राहतो. त्याला उपाय एकच: ते गोड्या पाण्याने पुन्हा भिजवून, ओढून काढून, पुन्हा भिजवून, मीठ बाहेर काढणे. ओल्या गाडीला आणखी पाणी घालणे विचित्र वाटते, पण मीठ गेल्याशिवाय ओल जात नाही.

या कारणासाठी गाडीत खडे मिठाची वाटी ठेवण्याचा प्रकार कोकणात करू नये. पावसाळ्यात बरणीतले मीठ कसे पाझरते ते प्रत्येक घरात ठाऊक आहे. गाडीत त्या वाटीतले खारे पाणी पहिल्याच वळणावर सांडते. तांदळाच्या पुरचुंडीचा उपयोग नगण्य आहे. कोळशाच्या पिशव्या वास शोषतात, पाणी फारसे शोषत नाहीत. सिलिका जेल खरोखर काम करते, परंतु त्याची मर्यादा ध्यानात घ्यावी: एक किलो जेल दमट हवेत साधारण ३०० ग्रॅमांच्या आसपास पाणी धरते, मग ते सुमारे १२० अंशांवर तापवून पुन्हा कोरडे करावे लागते. गळती थांबलेल्या, वाळलेल्या, बंद गाडीत ते ठेवणे शहाणपणाचे आहे. भिजलेल्या नमद्यापुढे ते टिकत नाही. कॅल्शियम क्लोराइडचे डबे पाणी जास्त ओढतात, पण त्यांत साचणारा खारा द्राव लोखंडाला घातक असल्याने ते चालत्या गाडीत ठेवू नयेत.

बुरशीचा भाग थोडक्यात सांगतो. ती कोरड्या ब्रशने झटकायची असेल तर गाडीबाहेर, नाकातोंडावर मास्क लावून झटकावी, मग सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून उन्हात वाळवावे. सीटबेल्टवर ब्लीच वापरू नये, त्याने पट्ट्याचे धागे कमकुवत होतात. आणि ब्लीच व व्हिनेगर कधीही एकत्र करू नयेत, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. सुगंधी डबी लावून वास झाकणे म्हणजे ओल कोठे आहे हे सांगणारी एकमेव खूण पुसून टाकणे होय. एसीचा आंबूस वास टाळण्यासाठी मुक्कामाला पोहोचल्यावर, गाडी उभी असताना, एसी बंद करून काचा उघड्या ठेवाव्यात आणि ब्लोअर काही मिनिटे चालवून कॉइल वाळवावी.

उभी राहणारी गाडी

पावसाळा संपल्यावर बाहेरची हवा घेण्याचा सल्ला कोकणातही लागू पडतो, पण त्यालाही वेळ आहे. थंडीत पहाटे निरभ्र आकाशाखाली गाडीचे छत आपली उष्णता आकाशाकडे सोडून हवेपेक्षाही थंड होते आणि त्यावर बाहेरून, कधी आतूनही, दव धरते. दुपारनंतर खारे वारे समुद्रावरची ओल घेऊन येतात. या दोहोंमधला, ऊन चढल्यापासून मतलई वारा पडून खारा वारा सुटेपर्यंतचा काळ, म्हणजे साधारण सकाळी दहा ते बारा, गाडी उघडून ठेवायला सर्वांत चांगला. झाडाखाली उभ्या केलेल्या गाडीवर दव कमी पडते, मात्र तिची काचेखालची जाळी तितक्याच लवकर भरते; दोन्ही फायदे हवे असतील तर बाजू उघड्या असलेले पत्र्याचे छप्पर बरे.

मुंबईकर चाकरमानी गणपतीनंतर गाडी गावी ठेवून जातात, तेव्हा ती बहुधा मातीच्या जमिनीवर, प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली उभी असते. ही मांडणी ओलीला पोषक आहे: जमिनीतून उठणारी वाफ ताडपत्रीखाली कोंडते आणि रात्री पत्र्यावर उतरते. हवा जाऊ देणारे कापडी आवरण, जांभ्याची किंवा काँक्रीटची जमीन, आत खाण्याचे आणि ओले काहीही न ठेवणे, आणि दर पंधरवड्याला कोणाकडून तरी गाडी अर्धा तास एसीसह चालवून घेणे, एवढे पुरते.

पुरात बुडालेली गाडी या सगळ्याच्या पलीकडची आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले तेव्हा असंख्य गाड्या छतापर्यंत बुडाल्या. अशी गाडी चालू करून पाहण्याचा मोह आवरावा, कारण इंजिनमध्ये गेलेले पाणी दाबले जात नाही आणि आतले भाग वाकतात. बॅटरी सोडवून ती टो करून न्यावी आणि विमा कंपनीला आधी कळवावे. किनाऱ्यावर वापरलेली गाडी विकत घेणाऱ्याने म्हणूनच चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यांच्या टोकाला गढूळ पाण्याची रेघ आहे का ते पाहावे, स्टेपनी उचलून खालचा खड्डा तपासावा, आणि मालकाची परवानगी घेऊन चालकाच्या पायाखालचे कार्पेट उलटावे.